भाभींचा रिपोर्ट आणि ‘अर्ली’ हा शब्द



यावेळी पदार्थ नाही, तपाची माहितीही नाही. यावेळी एका मेडिकल रिपोर्टबद्दल लिहितेय. स्थानकात भेटल्यावर तुम्ही बऱ्याच जणी विचारता, ‘भाभींना नक्की काय झालं होतं? अर्ली होतं म्हणे, मग एवढं मोठं ऑपरेशन कशाला?’ दर वेळी चपला घालता घालता अर्धवट उत्तर दिलं जातं. म्हणून एकदा नीट बसून लिहिते. भाभी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांना विचारूनच लिहितेय. ‘लिही, पण माझा फोटो टाकू नकोस,’ एवढीच त्यांची अट.

भाभी ५८ वर्षांच्या. चौविहार लग्नाआधीपासूनचा. नवपदाच्या नऊ ओळ्या धरलेल्या, त्यातल्या सात झालेल्या. सातव्या ओळीच्या आधीपासून त्यांना छातीखाली जळजळायचं, दोन घासांत पोट भरल्यासारखं व्हायचं. आपल्याकडे याला एकच नाव आहे: पित्त. आणि तप करणाऱ्या बाईला पित्त होणारच, हे तर आपण गृहीतच धरतो. मेडिकलमधून सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी यायची, आठ-दहा दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. असे सात-आठ महिने गेले. शेवटी जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून त्यांच्या सुनेनं रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन ८.४.

इथे बहुतेक घरांत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. लोहाच्या गोळ्या, खजूर, अंजीर, आणि ‘ओळी केली ना, अशक्तपणा येणारच’. पण त्या दिवशीच्या डॉक्टर बाईंनी एक साधा प्रश्न विचारला: ‘यांची पाळी जाऊन आठ वर्षं झाली. मग रक्त जातंय कुठे?’ हा प्रश्न मैत्रिणींनो पाठ करून ठेवा. पाळी थांबलेल्या बाईच्या अंगातलं लोह कमी होत असेल, तर ते फक्त खाण्यात कमी पडतंय असं मानून चालत नाही. पोटातून किंवा आतड्यातून थोडं थोडं रक्त झिरपतंय का, ते बघावं लागतं. शौचाला काळं होतंय का, हेही त्यांनी विचारलं. आणि लोहाच्या गोळीनंही काळं होतं, म्हणून गोळी सुरू करायच्या आधीच त्याकडे लक्ष द्यायचं, हे सांगितलं.

एन्डोस्कोपी झाली. पोटाच्या खालच्या भागात, जिथून अन्न पुढे आतड्यात जातं त्याच्या जरा अलीकडे, एक किंचित खोलगट, लालसर चट्टा दिसला. दोन-अडीच सेंटिमीटरचा. तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला. पुढे सीटी स्कॅन आणि आतून करायची सोनोग्राफी झाली. त्या कागदांवर पहिल्यांदा हा शब्द आला: अर्ली गॅस्ट्रिक कॅन्सर.

घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. जेठजी तर म्हणाले, ‘अर्ली आहे ना, मग काय, सुरुवातच आहे.’ सगळ्यांच्या मनात हेच होतं की अर्ली म्हणजे नुकताच झालेला, कुठेही न पसरलेला. डॉक्टरांनी तो समज हळूच, पण स्पष्ट शब्दांत मोडला. हा शब्द जपानी एन्डोस्कोपी तज्ज्ञांनी १९६२ साली ठरवला. पोटाच्या भिंतीच्या वरच्या दोन थरांपर्यंतच जो कॅन्सर पोचलाय, तो अर्ली. लसग्रंथींमध्ये, म्हणजे आपण ज्यांना नुसत्या ‘गाठी’ म्हणतो त्यांच्यात, तो गेलाय की नाही याचा या व्याख्येशी संबंधच नाही. गेलेला असला तरी अर्लीच म्हणायचं. शब्द खोलीचा आहे, वेळेचा नाही.

मला हे समजायला घराची भिंत डोळ्यांसमोर आणावी लागली. पोटाची भिंत अशीच थरांची. सगळ्यात आत मऊ अस्तर, तो आपला गिलावा. त्याच्या मागे एक सैलसर थर, त्यात रक्ताच्या आणि लसीच्या बारीक वाहिन्यांचं जाळं. मग स्नायू, ती वीट. आणि सगळ्यात बाहेर एक पातळ आवरण. ओल गिलाव्यात आहे तोवर गिलावा खरवडला की काम झालं. पण ती गिलाव्यामागच्या पाइपापर्यंत पोचली, तर मग कुठल्या खोलीत निघेल सांगता येत नाही. लसवाहिन्या त्या दुसऱ्या थरात भरपूर असतात. तिथून एखादी पेशी सुटली की पहिला मुक्काम जवळच्या लसग्रंथीत.

‘मग स्कॅनमध्ये गाठी दिसल्या नाहीत ना? मग झालं तर,’ हा माझाच प्रश्न होता. उत्तर असं की स्कॅनला गाठीचा आकार दिसतो. गाठीत कॅन्सरच्या मूठभर पेशी जाऊन बसल्या असतील तर गाठ फुगतच नाही, ती स्कॅनमध्ये चांगलीच दिसते. म्हणजे गाठी स्वच्छ आहेत की नाहीत हे त्या काढून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. त्यामुळे डॉक्टर उलट्या बाजूनं अंदाज बांधतात. मूळ चट्ट्याचा स्वभाव बघतात आणि त्यावरून ठरवतात की हा गाठींपर्यंत गेला असण्याचा धोका किती.

हा प्रश्न नवा नाही. २९ जानेवारी १८८१ ला व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ या सर्जननं पहिल्यांदा कॅन्सरसकट पोटाचा भाग काढून पेशंट वाचवून दाखवला. तेरेझा हेलर नावाची ४३ वर्षांची बाई. ऑपरेशन यशस्वी झालं, ती जेवायला लागली, घरी गेली. आणि चारेक महिन्यांत वारली, कारण कॅन्सर आधीच बाहेर पसरलेला होता. हात कितीही कुशल असला तरी जे आधीच निघून गेलंय ते हाताला लागत नाही. भाभींच्या वेळी मी हे वाचलं तेव्हा त्या बाईचा विचार दोन दिवस डोक्यातून जाईना.

आता त्या स्वभावाबद्दल, कारण रिपोर्ट हातात आला की हेच शब्द दिसतात आणि आपण पान उलटून ‘इम्प्रेशन’ वाचतो.

पहिली गोष्ट खोली. कॅन्सर फक्त अस्तरात आहे की मागच्या थरात शिरलाय, आणि शिरला असेल तर किती. इथे अर्ध्या मिलिमीटरला महत्त्व आहे. अर्धा मिलिमीटर म्हणजे बारीक रव्याचा एक कण! त्याच्या अलीकडे धोका कमी, पलीकडे जास्त. दुसरी गोष्ट पेशींची शिस्त. पेशी अजून नीट नळ्या करून उभ्या असतील तर त्याला ‘डिफरन्शिएटेड’ म्हणतात, तो जरा सभ्य प्रकार. पेशी सुट्या सुट्या विखुरलेल्या असतील, किंवा अंगठीच्या खड्यासारख्या दिसत असतील, तर त्या गाठींकडे जायला जास्त उत्सुक. ‘सिग्नेट रिंग’ असं रिपोर्टवर लिहिलेलं असतं ते हेच, आणि हा प्रकार तरुण बायकांमध्ये तुलनेनं जास्त दिसतो. मग चट्ट्याचा आकार, दोन सेंटिमीटर की तीन की त्याहून मोठा. मग त्यात व्रण आहे का. आणि सगळ्यात वजनदार गोष्ट: लसवाहिनीच्या किंवा रक्तवाहिनीच्या पोकळीत कॅन्सरच्या पेशी प्रत्यक्ष दिसल्या का. रिपोर्टवर ‘लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन’ या लांबलचक शब्दासमोर ‘प्रेझेंट’ आहे की ‘अ‍ॅब्सेंट’, हे बघा. पाइपात पाणी दिसलं, असा त्याचा अर्थ.

हे सगळं कुणाच्या मनचं नाही. टोकियोच्या दोन मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत ज्यांचं पोट आणि गाठी काढल्या होत्या अशा अर्ली कॅन्सरच्या ५२६५ पेशंटचे जुने रिपोर्ट डॉ. गोतोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले आणि २००० साली छापले. कॅन्सर अस्तरापुरता होता त्यांच्यापैकी शंभरात साधारण दोघांच्याच गाठींत तो सापडला. दुसऱ्या थरात शिरला होता त्यांच्यात शंभरात अठरा. आणि अस्तरापुरता, शिस्तीतल्या पेशींचा, तीन सेंटिमीटरपर्यंतचा, वाहिन्यांत न शिरलेला असा ज्यांचा होता, त्या १२३० जणांत एकाच्याही गाठीत नाही. शून्य. त्या शून्यामुळेच पुढे हजारो लोकांची पोटं वाचली, कारण अशांना ऑपरेशनची गरजच नाही हे आकड्यांनी सिद्ध झालं. तोंडातून दुर्बीण घालून, चट्ट्याखाली पाणी टोचून तो फुगवायचा आणि अस्तर मागच्या थरासह सोलून एका तुकड्यात काढायचं. याला ईएसडी म्हणतात. पोट जागच्या जागी राहतं. आपल्या देशात हे अजून मोजक्याच ठिकाणी होतं, कारण एकतर हे काम नाजूक, आणि दुसरं म्हणजे आपल्याकडे पोटाचा कॅन्सर इतक्या लवकर सापडतच नाही.

जपानमध्ये सापडतो, कारण ते शोधायला जातात. १९८३ पासून तिथे देशभर पोटाच्या एक्स-रेची तपासणी चालते, आता एन्डोस्कोपीही. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी. तिथे हा आजारच जास्त आहे म्हणून त्यांना ते परवडतं. आपल्याकडे सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच जागांची आहे, आणि आपल्या भागातलं प्रमाण बघता ते बरोबरही आहे. सगळ्यांनी उठून एन्डोस्कोपी करून घ्या असं मी म्हणत नाहीये.

तर भाभींचं. तपासणीत चट्टा अस्तरापुरताच वाटत होता, म्हणून ईएसडी ठरली. जुलैमध्ये झाली, तीन दिवसांत घरी आल्या. चौमासी पाखीच्या प्रतिक्रमणाला खुर्चीवर बसून हजर होत्या. सगळे खूश. मग दहा दिवसांनी काढलेल्या तुकड्याचा पूर्ण रिपोर्ट आला.

आकार २.४ सेंटिमीटर. पेशी मध्यम शिस्तीच्या. कडा स्वच्छ, म्हणजे चट्टा पूर्ण निघालाय. पण खोली ८०० मायक्रॉन, अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे. आणि लसवाहिनीत पेशी: प्रेझेंट.

हे मुंबईत पुन्हा तपासून घेतलं. परळच्या टाटा मेमोरियलला स्लाइड आणि मेणाचे ठोकळे नेऊन दिले की ते आपलं मत देतात. एक सांगते, पॅथॉलॉजी लॅबकडून हे ठोकळे मागून घ्यायचा पेशंटला हक्क असतो, ते उन्हात किंवा गरम गाडीत ठेवायचे नाहीत. टाटाची प्रयोगशाळा १९४१ मध्ये हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली. कुठल्या समाजात कुठला कॅन्सर जास्त आणि त्याचा राहणीशी काय संबंध, हा प्रश्न त्यांनी मुंबईतले पारशी, हिंदू, मुसलमान असे वेगवेगळे समाज घेऊन धसाला लावला. ऑपरेशन करणाऱ्याला आपण देव मानतो, पण भाभींचा सगळा निर्णय ज्या दोन ओळींवर फिरला त्या लिहिणारा डॉक्टर आम्ही कधी बघितलाही नाही. दुसरं मत तेच आलं.

अशा पेशंटसाठी जपान्यांनी गुणांचा तक्ता केलाय. लसवाहिनीत पेशी असतील तर ३ गुण. आकार ३ सेंटिमीटरच्या वर, खोली अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे, रक्तवाहिनीत पेशी, खालची कड अस्वच्छ, या प्रत्येकाचा १. भाभींचे झाले ४. शून्य-एक गुण असलेल्यांत गाठींत कॅन्सर असण्याचं प्रमाण शंभरात अडीच, दोन ते चारमध्ये शंभरात साधारण सात, पाचच्या वर बावीस-तेवीस.

शंभरात सात. आता करा हिशोब.

घरात दोन तट पडले. जेठजी म्हणाले, शंभरात त्र्याण्णव जणांच्या गाठीत काही नाही, मग ज्या गाठीत बहुधा काही नाहीच त्या काढायला बायकोचं दोन-तृतीयांश पोट कापायचं? मुलगा म्हणाला, विमानात शंभरातली सात पडणार असतील तर आपण तिकीट काढू का? दोघंही बरोबर होते, हीच पंचाईत. डॉक्टरांनी दोन्ही बाजू मांडल्या. गाठींत राहून गेलेला कॅन्सर पुढे डोकं वर काढतो तेव्हा बहुतेकदा तो बरा करण्याची वेळ गेलेली असते. ऑपरेशनलाही स्वतःचा धोका आहे, आणि खाण्यापिण्याचं आयुष्य बदलतं. वय ८२ असतं, हृदय कमजोर असतं, तर ‘थांबू, दर सहा महिन्यांनी बघू’ म्हटलं असतं. ५८ व्या वर्षी, बाकी प्रकृती ठणठणीत असताना त्यांचा कल ऑपरेशनकडे होता.

भाभींचा प्रश्न तिसराच होता. ‘माझ्या दोन ओळ्या राहिल्यात. पोट कापल्यावर होतील का?’

यावर घरातले पुरुष हसले. मला हसू आलं नाही. साडेचार वर्षांचं पच्चक्खाण, ८१ आयंबिलं, त्यातली ६३ झालेली. ज्या बाईनं कधी काही मागितलं नाही तिची ही एकच मिळकत आहे. मी त्यांना घेऊन महासतीजींकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पच्चक्खाणाच्या पाठातच आगार असतात, विसरलात का? आजारात चित्ताची समाधी टिकावी म्हणून सूट ठेवलेली आहे. व्रत घेणाऱ्यानं ती वापरणं म्हणजे व्रत मोडणं नव्हे. शरीर नीट राहिलं तर तप होईल. भाभी पाच मिनिटं गप्प बसल्या, मग मांगलिक ऐकलं आणि खाली आल्यावर म्हणाल्या, ‘तारीख घ्यायला सांग.’

पर्युषणाच्या तीन आठवडे आधी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पोटाचा खालचा दोन-तृतीयांश भाग आणि भोवतालच्या गाठी. गाठी किती काढायच्या यावरही जगात बरीच वर्षं वाद होता. जपानी म्हणत विस्तारानं काढा. युरोपात १९९० च्या दशकात तसं करून पाहिलं तर ऑपरेशननंतरचे मृत्यू वाढले. आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या डॉ. शैलेश श्रीखंडे आणि सहकाऱ्यांनी २००६ साली स्वतःचे पेशंट मांडून दाखवलं की सराव असलेल्या हातांनी हे भारतातही सुरक्षित होतं. म्हणून सर्जनला विचारायला लाजू नका की अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता. आणि रिपोर्टमध्ये किती गाठी तपासल्या तो आकडा बघा. निदान १६ तरी हव्यात, नाहीतर ‘गाठी स्वच्छ’ या वाक्याला फारसा अर्थ राहत नाही.

भाभींच्या ३१ तपासल्या. एकातही काही नव्हतं.

आनंद झालाच. पण महिन्याभरात एका नातेवाईक बाईनं समाचाराला येऊन म्हटलं, ‘बघा, काहीच निघालं नाही. उगाच पोट काढलं.’ मी आत चहा करत होते, तेल्यासारखं भांडं आपटलं गेलं हातून. भाभी मात्र म्हणाल्या, ‘निघालं असतं तर चांगलं झालं असतं का?’ आजही मला वाटतं की निर्णय बरोबर होता. गाठी स्वच्छ निघाल्या म्हणून तो चूक ठरत नाही. ज्या दिवशी ठरवलं त्या दिवशी हातात फक्त ‘शंभरात सात’ होतं, ‘शून्य’ नव्हतं. आणि भाभींनी थांबायचं ठरवलं असतं तरी मी त्यांना वेडं म्हटलं नसतं. ज्याचं पोट त्यानं, सगळं समजून ठरवायचं. समजून, हे मात्र हवं.

आता तुमचा खरा प्रश्न: मग खातात काय, आणि चौविहाराचं काय?

उरलेलं पोट छोटं, त्यामुळे दिवसाला सहा वेळा, थोडं थोडं. आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता दिला तेव्हा भाभींनी तो पंचांगाशेजारी ठेवला. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, सकाळी नवकारसी येते पावणेआठच्या आसपास. आठ, दहा, बारा, दोन, चार आणि साडेपाच. बसलं! उलट झोपायच्या आधी तीन-चार तास पोट रिकामं राहिलेलं डॉक्टरांना हवंच होतं. रात्रीच्या औषधाचा आणि पाण्याचा आगार तेवढा घेतला. पहिल्या महिन्यात एकदा शिरा खाऊन त्यांना दरदरून घाम आला, छाती धडधडली. गोड आणि पातळ पदार्थ छोट्या पोटातून झरकन आतड्यात उतरतात म्हणून तसं होतं. आता गोड बंद, आणि पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासानं. मूगडाळीचं धिरडं, घट्ट वरण-भात, पनीर, भाजलेल्या खाकऱ्याचा चुरा दह्यात, असं चालतं. बी-१२ आपल्या बायकांचं आधीच कमी असतं, पोट कापल्यावर ते शोषलंही कमी जातं, म्हणून त्याचं इंजेक्शन ठरलेलं. लोह आणि कॅल्शियमवरही लक्ष. कॅप्सूलचं कवच बहुतेकदा जिलेटिनचं असतं. डॉक्टरांना आधी सांगितलं तर त्याच औषधाची गोळी किंवा शाकाहारी कवच बऱ्याचदा मिळतं. न सांगता औषधच बाजूला ठेवणाऱ्या बायका मला माहीत आहेत, तसं करू नका.

ओळ्यांना डॉक्टरांनी पहिलं वर्ष नाही म्हटलंय. महासतीजींनी त्याऐवजी ऊणोदरी सुचवली. तीही बाह्य तपच, भुकेपेक्षा कमी खाणं. भाभी म्हणतात, ‘डॉक्टरांनीच मला जन्मभराची ऊणोदरी करून ठेवलीय.’

तपामुळे कॅन्सर झाला का, हे मला कुजबुजत विचारणाऱ्याही आहेत. नाही. उपवासानं किंवा आयंबिलानं पोटाचा कॅन्सर होतो असं काही नाही. त्याचं सगळ्यात मोठं ज्ञात कारण आहे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो दाखवून दिला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्या देशात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात तो असतो, बहुधा लहानपणी घरातल्या घरातच लागलेला. बहुतेकांना तो काही करत नाही, थोड्यांना अल्सर, फारच थोड्यांना कॅन्सर. भाभींच्या पोटात तो होता. औषधांनी गेला. घरात आई-वडील-भावंडांना पोटाचा कॅन्सर झालेला असेल तर आपणही विचारून त्याची तपासणी करून घ्यावी. तंबाखू आणि खारवलेलं खाणं ही बाकीची कारणं. आपलं उकळलेलं पाणी चांगलंच आहे, पण वर्षभराच्या बरण्यांतलं खारं लोणचं ताटात किती पडतं, ते बघायला हरकत नाही.

तपाचा दोष एवढाच की त्याच्या नावाखाली लक्षण लपतं. आणि ती पित्ताची गोळी ते आणखी लपवते. आम्ल कमी झालं की कॅन्सरचा व्रणसुद्धा वरवर भरून येतो, काही दिवस बरं वाटतं, आणि मग पुन्हा उघडतो. म्हणून चाळिशी-पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं पित्त, गोळी थांबवली की परत येणारं, भूक लवकर भागणारं, वजन उतरवणारं, किंवा सोबत हिमोग्लोबिन घसरणारं, हे ‘ओळी झाली की बघू’ म्हणून मागे टाकायचं नसतं.

असं बोलल्यानं काय होतं म्हणाल, तर सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचं बघा. १९८७ मध्ये तिथे ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणी करणारे लोक गावोगाव जाऊन बायकांशी लक्षणांबद्दल बोलायचे, डॉक्टरकडे जा म्हणायचे. मोठं मशीन नाही, तपासणी शिबिर नाही. तरी काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात यायला लागल्या, हे नोंदींत दिसलं. आपल्या महिला मंडळाच्या सभेत अर्धा तास याला द्यावा असं मी अध्यक्षांना सुचवलंय. त्या म्हणाल्या, संक्रांतीच्या वाणानंतर बघू.

भाभींची पुढची एन्डोस्कोपी आसोजच्या ओळीनंतरच्या सोमवारी आहे. उरलेल्या पोटावरही दर वर्षी नजर ठेवावी लागते. परवा दवाखान्यातून फोन आला, आदल्या रात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही, जमेल ना? भाभी म्हणाल्या, ‘ते एक सोडून दुसरं काही अवघड सांगा.’